थंडी सरतेय, पेटी उघडू का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

थंडी ओसरायला लागली की आपल्या सदराकडे मधपेट्यांचे प्रश्न एकदम वाढतात आणि त्यातले बरेचसे घाईचे असतात, उघडू का, पाक देऊ का, वरची कोठी चढवू का, विभागणी करू का. यावेळी एकसारखे प्रश्न एकत्र करून घेतलेत. उत्तरं वाचायच्या आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. वसंताच्या सुरुवातीला पेटीत खाणारी तोंडं भराभर वाढतात आणि काम करणारे हात रोज कमी होत जातात. थंडी काढलेल्या माश्या ४ ते ६ महिने जगून आता थकलेल्या असतात, त्या मरत असतात, नव्या अजून पुरेशा निघालेल्या नसतात आणि राणीने मात्र दिवस मोठे व्हायला लागल्या लागल्याच अंडी घालायला सुरुवात केलेली असते. म्हणून भर थंडी काढलेली पेटी ऐन वसंताच्या तोंडावर जाते आणि लोकांना कळत नाही की असं कसं झालं. खालचे आकडे मेलिफेरा म्हणजे युरोपीय माशीचे आणि १० फ्रेमच्या लँगस्ट्रॉथ पेटीचे आहेत, सातेरीचं म्हणजे आपल्या देशी माशीचं वेगळं असेल तिथं तसं लिहिलंय.

प्रश्न: ताई, दुपारी ऊन पडलं की माझ्या पेटीतून माश्या बाहेर येतायत, खूप बरं वाटतं बघून. आता उघडून आत बघावं असं सारखं वाटतंय. किती तापमान झालं की उघडायची?

उघडायच्या आधी बाहेरूनच भरपूर कळतं, ते वाचायला शिका. ऊन असेल अशा दुपारी दाराच्या बाजूला, माश्यांच्या वाटेत न येता, थोडा वेळ शांत बसा. पायाला परागाचे रंगीत गोळे लावून माश्या आत जातायत का बघा, कारण पराग मुख्यतः अळ्यांना वाढवण्यासाठी लागतो, तो जोरात आत जात असेल तर आत पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष, असण्याची शक्यता दाट. खात्री नाही हं, राणी नसलेल्या पेटीतसुद्धा थोडाफार पराग जात राहतो. दारात मेलेल्या माश्या दिसल्या तर घाबरू नका, त्या थंडीतल्या म्हाताऱ्या माश्या आहेत, जिवंत माश्या त्यांना ओढून बाहेर टाकतायत म्हणजे घर चालू आहे. पण दार आतून मेलेल्या माश्यांनी तुंबलं असेल तर एक वाकवलेली तार घालून मोकळं करा, ते पेटी न उघडता होतं.

तळाला जाळी आणि खाली ट्रे असेल तर तो ट्रे ओढून बघा. माश्या पोळ्यातल्या मधाच्या घरांवरच्या मेणाच्या टोप्या फोडतात त्याचा भुसा खाली रांगारांगांनी पडतो, जितक्या रांगा तितक्या फ्रेमच्या मधल्या गल्ल्यांमध्ये घोळका बसलाय. मधोमध गडद भुसा दिसला तर तिथे पिलाव्याच्या टोप्या फुटतायत, म्हणजे नव्या माश्या निघायला लागल्या. मला हा ट्रे फार आवडतो, माश्यांना काडीचाही त्रास न देता एवढं सांगणारी दुसरी गोष्ट नाही.

आता उघडण्याबद्दल. नुसतं वरचं झाकण उचलून साठा किती आहे हे पटकन बघायला १० अंशांच्या वर, माश्या उडत असताना, चालतं. फ्रेम बाहेर काढून बघायला मात्र १४-१५ अंश तरी हवेत, वारा नको, आणि माश्या मोकळेपणाने ये-जा करत असायला हव्यात. कारण असं आहे की पिलावा ३४ ते ३५ अंशांवर ठेवावा लागतो आणि ती ऊब माश्या स्वतःच्या उडायच्या स्नायूंना थरथरवून तयार करतात, पंख न हलवता, आणि त्याला मध जळतो. तुम्ही १० मिनिटं पेटी उघडी ठेवली की ती सगळी ऊब गेली आणि परत आणायला पुन्हा मध जाळायचा, तेही हात कमी असताना. शिवाय थंडीआधी त्यांनी प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या चिकाच्या लुकणाने, बुजवलेले सांधे तुम्ही फोडता आणि गारठ्यात प्रोपोलिस कडक असतं, त्यांना लगेच परत लिंपता येत नाही, मग फटीतून गार हवा येत राहते.

पहिल्या तपासणीत राणी शोधत बसू नका. कडेची एक फ्रेम काढून बाजूला ठेवा म्हणजे जागा होईल, मग एक एक फ्रेम थोडी सरकवून, पेटीच्या वरच धरून बघा, अंडी दिसली की बास. घराच्या तळाशी उभं असलेलं अंडं दिसलं तर ते ताजं, म्हणजे राणी एक-दोन दिवसांत तिथे होतीच. फ्रेमचा क्रम अजिबात बदलू नका, ज्या तोंडाने होती त्याच तोंडाने परत ठेवा, आणि ५-७ मिनिटांत बंद.

प्रश्न: पेटी मागून उचलून बघितली तर फारच हलकी लागली. साखरेचा पाक द्यायचा का कोरडी साखर? आणि किती दिवस? आमच्याकडे गूळ आहे तो चालेल का?

उचलून बघितलंत हे फार चांगलं केलंत, वजनाचा अंदाज हाताला लागला की उघडायची गरजच कमी होते. हलकी लागली म्हणजे आजच द्यायला हवं, उद्या सुट्टी आहे तेव्हा बघू असं करू नका, कारण पिलावा चालू झालेली पेटी साठा किती वेगाने संपवते ते पटत नाही बघितल्याशिवाय.

काय द्यायचं ते हवेवर ठरतं. अजून गारठा असेल, माश्या घोळका करून बसत असतील तर पाक देऊ नका, गार पाक त्या घेत नाहीत आणि घेतला तरी त्यातलं पाणी उडवायचं काम वाढतं, पेटीत ओल होते. अशावेळी फाँडंट (साखरेचा घट्ट, मऊ गोळा) किंवा साखरेची घट्ट वडी, तेही नसेल तर फ्रेमवर कागद पसरून त्यावर किंचित ओली केलेली साखर, आणि हे सगळं घोळक्याच्या बरोब्बर डोक्यावर. थंडीच्या शेवटी घोळका खात खात वर सरकलेला असतो, झाकणाला टेकलेला, त्याला चार फ्रेम पलीकडे ठेवलेलं अन्न गारठ्यात सापडत नाही.

दिवसा चांगलं गरम व्हायला लागलं, माश्या रोज उडतायत, तर मग पातळ पाक, वजनाने एकास एक, म्हणजे १ किलो साखरेला १ लिटर पाणी, कोमट पाण्यात ढवळून विरघळवा, शिजवत बसू नका, गार झाला की द्या. साखर साधी पांढरी शुभ्र. गूळ नको, ब्राऊन शुगर नको, मळी असलेलं काहीच नको, त्यातले न पचणारे पदार्थ माशीच्या आतड्यात साचतात आणि गारठ्याने बाहेर पडता आलं नाही की जुलाब होतात. दुसऱ्याचा किंवा दुकानातला मध तर मुळीच नको, त्यातून फाऊलब्रूड या अळ्यांच्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात आणि ते एकदा पेटीत आले की काय होतं ते पुढच्या प्रश्नात आहे.

एक गोष्ट लोक विसरतात. पातळ पाक म्हणजे माश्यांना मकरंद आला असं वाटतं आणि राणी जास्त अंडी घालते. म्हणजे तुम्ही भूक भागवता भागवता तोंडं वाढवताय. म्हणून पाक चालू केला तर बाहेर फुलं नीट फुलेपर्यंत मध्येच सोडायचा नाही, ४ दिवस दिला आणि मग गावाला गेलो असं केलं की त्या वाढवलेल्या अळ्या उपाशी मरतात. माझं स्पष्ट मत आहे, पेटीत २ भरलेल्या फ्रेम म्हणजे साधारण ५ किलो मध असेल तर उगाच पाक देऊ नका, त्यांना त्यांच्या चालीने वाढू द्या.

पाक संध्याकाळी द्या, थेंबही सांडू नका, आणि कमजोर पेटीचं दार एक-दोन माश्या जातील एवढंच ठेवा. लूट एकदा सुरू झाली की कमजोर पेटी अर्ध्या दिवसात रिकामी होते. दारात झटापट, नागमोडी उडत फटी शोधणाऱ्या माश्या आणि खाली मेणाचा चुरा दिसला तर लूट चालू आहे, फीडर काढा, दार आणखी लहान करा.

प्रश्न: दादांनी दिलेली पेटी मेली. खूप वाईट वाटलं. माश्या घरांमध्ये डोकं खुपसून मेल्यात, पण बाजूच्या फ्रेममध्ये मध शिल्लक आहे! मग उपासमार कशी? आणि ह्या फ्रेम नवीन वसाहतीला वापरू का?

डोकं आत खुपसून मेलेल्या माश्या ही उपासमारीची खूणच आहे, घराच्या तळातला शेवटचा थेंब चाटताना त्या गेल्या. बाजूला मध असून असं होतं, कारण पिलावा सुरू झाल्यावर माश्या पिलाव्याला चिकटून राहतात, त्याला उघडं टाकून जात नाहीत, आणि मध्ये थंडीची लाट आली की घोळका आवळला जातो, बोटभर अंतरावरच्या मधापर्यंतसुद्धा त्यांना जाता येत नाही. घोळका लहान असेल तर हे हमखास. तुमच्या बाबतीत मेलेल्या माश्यांचा घोळका मुठीएवढा होता का ते बघा, तसं असेल तर मूळ कारण थंडीच्या आधीचं आहे, माश्याच कमी होत्या, आणि त्याच्या मागे बहुतेकवेळा व्हरोआ, म्हणजे माश्यांवर जगणारा बारीक परजीवी माइट, असतो.

आधी पेटीचं दार पूर्ण बंद करा, आजच. उघडी मेलेली पेटी म्हणजे आजूबाजूच्या सगळ्या माश्यांना लुटायचं आमंत्रण, आणि ती पेटी रोगाने मेली असेल तर लुटणाऱ्या माश्या रोग घरी घेऊन जातात.

मग फ्रेम नीट बघा, उजेडात, तिरक्या धरून. पिलाव्याच्या टोप्या खचलेल्या, भोकं पडलेल्या, तेलकट आहेत का? आतल्या अळीत काडी घालून हळू ओढली आणि कॉफी रंगाची चिकट तार २-३ सेंटिमीटर लांब आली, किंवा घराच्या खालच्या बाजूला काळपट पापुद्रा चिकटलेला आहे आणि तो निघत नाही, तर हे अमेरिकन फाऊलब्रूड असू शकतं. पेनिबॅसिलस लार्व्ही नावाचा जिवाणू आहे, त्याचे बीजाणू लाकडात, मेणात दशकानुदशकं जिवंत राहतात, धुवून जात नाहीत. अशावेळी काहीही हलवू नका, नमुना तपासायला द्या, बऱ्याच देशांत हा रोग सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि फ्रेम जाळून टाकणं हाच उपाय असतो. हे वाचायला कठोर वाटतं, पण एका पेटीच्या फ्रेम वाचवायच्या नादात आजूबाजूच्या सगळ्यांच्या पेट्या जातात.

यातलं काहीच नसेल, साधी उपासमार असेल तर फ्रेम वापरता येतात. मेलेल्या माश्या ब्रशने झाडा, घरात अडकलेल्या राहू द्या, नव्या माश्या काढतात. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना दोन दिवस ठेवून मेणकिड्याची अंडी मारा आणि बंद पिशवीत ठेवा. जे पोळं इतकं काळं झालंय की उजेडासमोर धरलं तरी आरपार काही दिसत नाही ते मात्र वितळवा, नवा मेणपत्रा (ज्यावर माश्या पोळं बांधतात तो मेणाचा पातळ पत्रा) लावा.

प्रश्न: पेटीच्या तोंडावर आणि झाकणावर तपकिरी ओघळ दिसतायत. हा नोसेमा ना?

ओघळांवरून नोसेमा, म्हणजे माश्यांच्या आतड्याचा रोग, म्हणता येत नाही. थंडीत माश्या कितीतरी दिवस विष्ठा धरून ठेवतात, पहिल्या गरम दिवशी बाहेर पडून मोकळ्या होतात, तेव्हा पेटीच्या बाहेर, आसपास डाग पडणं साहजिक आहे. आतमध्ये फ्रेमवर डाग असतील, माश्या दारात रांगत असतील, वसाहत वाढायच्या ऐवजी आकसत असेल तर शंका घ्या, पण खात्री फक्त सूक्ष्मदर्शकातून होते. ओल कमी करा, डागाळलेल्या फ्रेम कडेला सारून नंतर काढून टाका, आणि स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका.

प्रश्न: पराग-पर्यायाची वडी बाजारात मिळते, त्याने पेटी लवकर वाढते असं सगळे म्हणतात. देऊ का?

वाढते, त्यात खोटं नाही. दाई माश्या पराग खाऊन अळ्यांसाठी खाद्य तयार करतात, पराग नसेल तर राणी कितीही चांगली असली तरी पिलावा वाढत नाही. पण विचार असा करा की आज घातलेल्या अंड्यातून कामकरी माशी निघायला २१ दिवस लागतात, आणि ती मकरंद आणायला बाहेर पडायला आणखी साधारण ३ आठवडे. म्हणजे आज दिलेल्या वडीचं फळ ६ आठवड्यांनी. त्या वेळी तुमच्याकडे फुलोरा असणार आहे का? असेल तर द्या, आणि नैसर्गिक पराग येईपर्यंत देत राहा. नसेल तर ऐन टंचाईत तुमच्याकडे माश्यांनी भरलेली आणि मधाने रिकामी पेटी असेल. बाहेरून पराग येतोय हे दिसत असेल तर वडीचे पैसे वाचवा, खऱ्या परागाला तोड नाही.

प्रश्न: फ्रेमवर फुगीर टोप्यांचा पिलावा दिसतोय, तोही विखुरलेला. राणी दिसली नाही. नवीन राणी तयार करतील का त्या?

कामकरी माश्यांच्या लहान घरांवर बंदुकीच्या गोळीसारख्या फुगीर टोप्या म्हणजे त्यात नर वाढतायत. आता दोन शक्यता. एका घरात एकच अंडं, तेही तळाशी मधोमध असेल तर राणी आहे पण तिच्याकडचे शुक्राणू संपलेत किंवा तिचं मीलनच नीट झालं नव्हतं, ती फक्त नरांची अंडी घालतेय. एका घरात दोन-चार अंडी, काही भिंतीला चिकटलेली असतील तर राणी नाहीच, कामकरी माश्या अंडी घालायला लागल्यात, आणि त्यांची अंडी फलित नसल्यामुळे त्यातूनही नरच निघतात.

नवीन राणी त्या तयार करू शकत नाहीत, कारण राणी फलित अंड्यातूनच होते आणि ते पेटीत एकही नाही. दुसऱ्या पेटीतली अंड्यांची फ्रेम द्यायचा विचार मनात येईल, पण वसंताच्या अगदी सुरुवातीला तोही उपयोगाचा नाही. राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर येते, आठवड्याभरात मीलनाला तयार होते, पण नर अंड्यापासून २४ दिवसांनी निघतो आणि त्याला वयात यायला आणखी दीड-दोन आठवडे लागतात. आसपासच्या पेट्यांमध्ये धडधाकट नर नसतील तर तुमची नवी राणी कुणाशी मीलन करणार, आणि साधारण ३-४ आठवड्यांत मीलन झालं नाही की ती कायमची नर घालणारी होते.

म्हणून माझं सांगणं एकच, वसाहत जोडा. नर घालणारी राणी असेल तर ती शोधून काढा, नंतर चांगल्या राणीच्या पेटीवर वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला दोन-चार बारीक छिद्रं, त्यावर ही पेटी, संध्याकाळी. कागद कुरतडेपर्यंत वास एकमेकांत मिसळतो आणि भांडण होत नाही. कामकरी अंडी घालत असतील आणि माश्या मूठभरच राहिल्या असतील तर जोडण्यातही अर्थ नसतो, त्या भरभक्कम पेटीपासून थोड्या अंतरावर झाडून टाका, ज्यांना जमेल त्या त्या भरभक्कम पेटीत शिरतील. आणि जोडायच्या आधी रोग नाही ना हे बघाच. एक पेटी कमी झाली म्हणून वाईट वाटतं, मला कळतं, पण दोन दुबळ्या पेट्या मे महिन्यापर्यंत ओढत नेण्यापेक्षा एक धट्टीकट्टी पेटी विभागून पुन्हा दोन करणं कितीतरी सोपं.

प्रश्न: व्हरोआचा उपचार पावसाळ्यानंतर केला होता, आता वसंतात परत करायची गरज आहे का?

मोजल्याशिवाय हो म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही. पिलाव्याच्या फ्रेमवरच्या साधारण अर्धा कप, म्हणजे ३०० च्या आसपास माश्या घ्या (राणी त्यात नाही ना हे दोनदा बघा), पिठीसाखरेत घोळवून जाळीच्या झाकणातून साखर हलवून खाली पाडा आणि माइट मोजा. अल्कोहोलमध्ये धुतलं तर आकडा जास्त खरा मिळतो पण त्या माश्या मरतात. वसंतात १०० माश्यांमागे १ आला तरी लक्ष ठेवा, २-३ आले तर उपचार करा, कारण माइट पिलाव्यात वाढतो आणि पिलावा तर आता वाढतच जाणार. मादी माइट टोपी बसायच्या जरा आधी अळीच्या घरात शिरते आणि आत, बंद घरात, अंडी घालते. तिला नरांची घरं जास्त आवडतात, नर आत जास्त दिवस राहतो म्हणून. याचाच फायदा घेऊन लोक नरांच्या मोठ्या घरांची एक फ्रेम देतात, टोप्या बसल्या की काढून फ्रीजरमध्ये टाकतात, माइट त्यातच जातात. पण ती फ्रेम काढायला विसरलात तर तुम्ही माइटची शेती केलीत, तेव्हा तारीख लिहून ठेवा.

औषध निवडताना दोन गोष्टी. ऑक्झॅलिक ॲसिड टोपीच्या आतल्या माइटपर्यंत पोचत नाही, त्यामुळे पिलावा भरपूर असताना एकदा देऊन भागत नाही. फॉर्मिक ॲसिड टोपीतून आत जातं पण हवेच्या तापमानाची मर्यादा असते, जास्त गरमीत राणीला धोका. लेबलवर मधकोठी (मधासाठीची वरची कोठी) चढलेली असताना चालतं की नाही ते लिहिलेलं असतं, त्याप्रमाणेच करा आणि वसंतात काय ते मधकोठी चढवायच्या आधी उरका.

सातेरी पाळणाऱ्यांनी एवढं धास्तावायचं कारण नाही. व्हरोआ मुळात एपिस सेरानाचाच, म्हणजे सातेरीचाच, परजीवी आहे, तिच्यात तो मुख्यतः नरांच्या पिलाव्यातच वाढतो आणि माश्या त्याला अंगावरून काढूनही टाकतात. मेलिफेरावर उडी मारल्यानंतरच त्याने जगभर नुकसान केलं.

प्रश्न: मधकोठी कधी चढवायची? गेल्या वर्षी उशीर झाला आणि अर्धी वसाहत उडून गेली.

लवकर चढवलीत तर उष्णता वर निघून जाते आणि कडेचा पिलावा गारठतो, उशीर केलात तर गर्दी होऊन माश्या उडतात, त्यामुळे इथे कॅलेंडर नाही, फ्रेम मोजायच्या. १० पैकी ७-८ फ्रेम माश्यांनी दोन्ही बाजूंनी गच्च झाकलेल्या असतील, पांढरं ताजं मेण फ्रेमच्या माथ्यावर दिसायला लागलं असेल तर चढवा. राणी वर जाऊ नये म्हणून मध्ये राणीरोधक जाळी.

आणि मोकळी जागा दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. पिलावा कोठीत ताज्या पाकाने किंवा मकरंदाने घरं भरून गेली तर राणीला अंडी घालायला जागाच राहत नाही, आणि उडण्याची तयारी तिथून सुरू होते. अशावेळी मधाच्या एक-दोन फ्रेम काढून रिकामी बांधलेली पोळी पिलाव्याच्या कडेला द्या. पिलाव्याच्या मधोमध मेणपत्रा घालून पिलावा दोन भागांत तोडू नका, रात्री अजून गार असतात आणि हात अजून कमी आहेत, दोन्ही बाजूंना ऊब पुरत नाही.

नर दिसायला लागल्यापासून दर ७ दिवसांनी फ्रेमच्या खालच्या कडा बघा. पहिलं राणीघर साधारण ८-९ व्या दिवशी बंद होतं आणि हवा चांगली असेल तर जुनी राणी त्याच सुमाराला अर्ध्या माश्या घेऊन निघते, म्हणून १० दिवसांनी बघितलंत तर उशीर झालेला असू शकतो. रिकाम्या राणीवाट्या (राणीघराची नुसती सुरुवात) दिसल्या तर ठीक, त्या नेहमीच असतात. वाटीत अंडं किंवा दुधाळ खाद्यात तरंगणारी अळी दिसली तर ठरलं, आता नुसती राणीघरं मोडून काही होत नाही, त्या परत बांधतात. त्याच दिवशी जुनी राणी, पिलाव्याच्या दोन-तीन फ्रेम, मधाची एक फ्रेम आणि भरपूर दाई माश्या वेगळ्या पेटीत काढा, मूळ पेटीत एक चांगलं राणीघर ठेवा. नर बाहेर उडतायत ना, एवढी खात्री त्याआधी करा.

फ्रेममधली जागा बघताना अजून एक, या पेटीचा जनक लँगस्ट्रॉथने १८५१ मध्ये जे ओळखलं त्यावर आपली सगळी पेटी उभी आहे, ६ ते ९ मिलिमीटरची फट माश्या चालायला मोकळी ठेवतात, त्याहून कमी असेल तर प्रोपोलिसने बुजवतात, जास्त असेल तर तिथे पोळं बांधतात. थंडीत फाँडंट ठेवायला झाकणाखाली चौकट घातली असेल तर ती आता आठवणीने काढा, नाहीतर त्या पोकळीत वेडंवाकडं पोळं बांधून ठेवतील, त्यात पिलावा असेल आणि तो तुम्हाला मोडावा लागेल.

प्रश्न: माश्या शेजारच्यांच्या टाकीवर पाणी प्यायला जातात, ते चिडतात. काय करू?

वसंतात पाणी खूप लागतं कारण साठवलेला मध घट्ट, कधी साखर झालेला असतो, तो पातळ केल्याशिवाय अळ्यांना देता येत नाही. एकदा एक जागा लक्षात बसली की माश्या ती सोडत नाहीत, तेव्हा पहिल्या उडण्याच्या दिवसांतच पेटीपासून थोड्या अंतरावर, उन्हात, उथळ ताटलीत दगड किंवा शेवाळ घालून पाणी ठेवा. सुरुवातीला पाण्यात थोडीशी साखर टाकून सवय लावा, नंतर साधं पाणी, पण ताटली एकही दिवस कोरडी पडू देऊ नका. शेजारच्यांना टाकी काही दिवस झाकायला सांगा, झाकली नाही तर वरचं सगळं करूनही त्या तिथेच जातील.

प्रश्न: बाजूच्या शेतात फुलांवर औषध फवारणार आहेत असं कळलंय. पेटी बंद करून ठेवू का?

आधी बोला. फवारणी संध्याकाळी, माश्या परतल्यावर झाली तर धोका बराच कमी होतो, आणि पूर्ण फुलोऱ्यात फवारलंच नाही तर सगळ्यात उत्तम, परागीभवनाचा फायदा त्यांच्याच पिकाला आहे. ते ऐकणार नसतील तर फवारणीच्या आदल्या रात्री दार जाळीने बंद करा, लाकडाच्या पट्टीने नको, वरून ओलं पोतं टाका, सावली करा, आतून पाणी द्या. भरलेली पेटी उन्हात बंद ठेवली तर आतल्या माश्या स्वतःच्याच उष्णतेने गुदमरतात आणि मेणसुद्धा वितळतं, त्यामुळे एका दिवसाच्या वर बंद ठेवायची वेळ येणार असेल तर रात्रीच पेटी उचलून ३-४ किलोमीटर लांब न्या. त्याहून जवळ ठेवलीत तर माश्या जुन्या जागेवर परत जातात.